अण्णांच्या काड्यांना बुरशी नसते

“बुरशी? माझ्या काडीला बुरशी? मॅडम, आधी डोळे तपासून घ्या. ही धूळ हाय, हायवेची धूळ. चांदवडवरून उघडी ट्रॉली आणली, तिच्यावर धूळ बसणार नाय तर काय अत्तर बसणार?”

रंगनाथअण्णा आमच्या फाटकात ट्रॅक्टरच्या सीटवर उभे राहून ओरडत होते. आवाज असा की शेजारच्या कारखान्यातली माणसं डबे घेऊन बाहेर आली. त्यांना वाटलं जेवणाचा भोंगा झाला. खाली अमृता मॅडम उभ्या. त्यांच्या हातात द्राक्षाच्या वेलीची वाळकी काडी आणि काडीवर पांढरी, मऊ लव.

“अण्णा, ही धूळ असेल तर हिला केस कसे आले?”

“केस दिसत असतील तर कंगवा आणा. माझा माल परदेशात जातो. तिकडचे लोक भिंग लावून एकेक मणी तपासतात. आजवर एक पेटी माघारी आली नाय. आणि तुम्ही माझं सरपण माघारी धाडता?”

“मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे,” मॅडम म्हणाल्या. “बुरशी नको. काडी वाकडी असू दे, बारीक असू दे, मला चालेल.”

“बुरशी नको. एवढंच?”

“एवढंच.”

“पुढच्या ट्रॉलीत बुरशीचा ठिपका जरी दिसला तरी ही मिशी उतरवून तुमच्या टेबलावर ठेवीन.”

ती मिशी टेबलावर मावली नसती. अण्णांची मिशी म्हणजे एक स्वतंत्र पीक आहे, तिला ठिबक लावलं असावं असा माझा जुना संशय आहे. अण्णांनी ट्रॅक्टर वळवला आणि गेले. तोपर्यंत निम्मी ट्रॉली आमच्या मागच्या पत्र्याखाली रिकामी झाली होती. खाली उतरवलेला माल परत भरणं अण्णांच्या खानदानात बसत नाही. “निकम काका, तेवढं टाकून द्या,” मॅडम मला म्हणाल्या. मी “हो” म्हणालो. माझ्या “हो”चा अर्थ माझ्या बायकोला विचारा.

आता ह्या काड्यांचं आम्ही काय करत होतो, ते सांगतो. पाहुण्यांना सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले आहेत, पण तुम्ही दिवाळीचे वाचक, तुमच्यासाठी पुन्हा एकदा.

माझी उमेदीची नोकरी मळीपासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यात गेली. तिथं मी यीस्ट सांभाळायचो. यीस्ट म्हणजे सरळमार्गी प्राणी: साखर द्या, ऊब द्या, तो मुकाट्यानं काम करतो, वर पगारवाढ मागत नाही. निवृत्त होऊन घरी बसलो तर घरच्यांनी मला आठवडाभरात दुसरी नोकरी बघून दिली, इतकी त्यांना माझ्या सहवासाची गोडी. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये जंतूंकडून हायड्रोजन करून घ्यायचा प्रयोग चालू होता, आणि त्यांना टाक्या चालवणारा जुना माणूस हवा होता. मला वाटलं, यीस्ट काय नि जंतू काय. हे वाटणं माझ्या आयुष्यातल्या महागड्या वाटण्यांपैकी एक.

हायड्रोजन हा वायू इंधन म्हणून झकास. जळला की धूर नाही, नुसतं पाणी होतं. तो वायू शेतातल्या टाकाऊ काड्यांतून काढायचा. लाकूड खाऊन हायड्रोजन सोडणारे जंतू निसर्गात आहेत, पण ते राहतात दूरदेशीच्या उकळत्या झऱ्यांत. त्यांना सत्तर अंशांची ऊब लागते. तेवढ्या गरम पाण्यात तुम्ही बोट घातलंत तर बोटाबरोबर अंगठीही सोडून द्याल. आमच्या जंतूंना नाशिकचा मे महिना म्हणजे काश्मीर. वीज जाऊन टाकी जरा निवली की हे गारठून बसायचे आणि मग पुढचे कितीतरी तास रुसलेल्या जावयासारखे हलायचे नाहीत. शिवाय ह्यांना हवा चालत नाही. जगातल्या समस्त सजीवांना हवा लागते, हे महाशय हवेनं मरतात. टाकीचं एक झाकण जरा ढिलं राहिलं की आत सामुदायिक अंत्यविधी. मी यीस्टच्या आठवणीनं पुष्कळदा गहिवरलो आहे.

मॅडमची कामगिरी ह्याच्याही पुढची. मूळ जंतू काड्या खाऊन थोडा हायड्रोजन सोडतो, पण पोटात हायड्रोजन साठायला लागला की तो दुसरं दार उघडतो आणि दह्यासारखं आंबट करत बसतो. आम्हाला दही नको होतं. मॅडमनी जंतूच्या आतला तो आंबट करणारा जनुक कापून काढला. दार बंद. थोडं व्हिनेगरसारखं आंबट तरीही निघायचं. तेही बंद केलं तर जंतू उपाशी मरतो, म्हणून तेवढं चालवून घ्यायचं.

कापला म्हणणं सोपं आहे. प्रयोगशाळेत जंतू वाढवायची जी जेली असते ती सत्तर अंशांना सार होऊन वाहते. बदललेले जंतू न बदललेल्यांतून निवडायची औषधं त्या उष्णतेत स्वतःच मोडतात. मॅडमनी प्रत्येक गोष्टीला नवी वाट काढली. त्यात किती वर्षं गेली हे त्यांना विचारायची आमच्या शेडमध्ये कुणाची टाप नव्हती. लग्नाचा विषय काढणाऱ्या मावशीला त्यांनी एकदा टाकीचं तापमान सांगून गप्प केलं होतं.

लोकांना ह्यातलं काही पटायचं नाही. एक रिक्षावाला आठवड्यातून दोनदा यायचा. “काका, भरून द्या ना थोडा. लिंबू पिळल्यासारखा.” मी त्याला सांगितलं, तुझी रिक्षा ह्या वायूवर चालत नाही. तो म्हणाला, “रॉकेलवर पण चालत नव्हती, चालवली ना.” शेजारच्या कारखान्याचे मालक आमच्या फाटकावर ‘हायड्रोजन’ हा शब्द रंगवल्यापासून स्वतःची गाडी पार वसाहतीच्या टोकाला लावून चालत यायचे. त्यांचं पोट कमी झालं, त्याचं श्रेय त्यांनी आम्हाला कधी दिलं नाही.

तर दसरा झाल्यावर समिती येणार होती. निधी देणारी समिती, दिल्लीहून. आमच्या जिल्ह्यातल्या खऱ्या काड्यांवर, मोठ्या टाकीत, मॅडमचा जंतू वायू देतो का, एवढं त्यांना बघायचं होतं. दिला तर पुढचा निधी. नाही दिला तर शेडमध्ये पुठ्ठ्याचे खोके करायचं यंत्र येणार, मॅडमची नेमणूक संपणार, आणि तो जंतू बर्फाच्या कपाटात जाऊन पडणार. बर्फाच्या कपाटातून जंतू परत बाहेर काढायला कुणीतरी वेडं माणूस लागतं. ते वेडं माणूस मॅडमच होत्या, आणि त्याच तिथं नसणार.

आमच्या डायरेक्टर साहेबांना ह्यातलं फक्त समिती येणार एवढं ऐकू आलं. त्यांनी रांगोळीवाली ठरवली, गुच्छ ठरवले, आणि मला बोलावून म्हणाले, “निकम, वायू दिसत नाही ना? मग अध्यक्षांना कळणार कसं? पंखा लावा. वायूपासून वीज, विजेवर पंखा, पंखा अध्यक्षांच्या तोंडासमोर. त्यांना वारा लागला पाहिजे.”

“साहेब, ऑक्टोबर संपत आलाय. त्यांना सर्दी होईल.”

“सर्दी झाली तर निधी पक्का.”

ह्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा मी जंतूंशी घालत असे.

ठरल्याप्रमाणे अण्णांची दुसरी ट्रॉली आली. पहिली ट्रॉली होती उन्हाळ्यातल्या छाटणीची, सगळा पावसाळा बांधावर भिजलेली. ही मात्र नुकत्याच झालेल्या गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीची. काय काड्या होत्या. एकसारख्या, टणक, गठ्ठे बांधलेल्या, वरून हलकी आकाशी झाक. लग्नाच्या रुखवतात मांडाव्यात तशा. मॅडमनी एकेक गठ्ठा फिरवून पाहिला, बुरशीचा मागमूस नाही. अण्णा मिशीवरून हात फिरवत उभे.

“बघा, बघा. भिंग आणू का?”

“नको अण्णा. फार सुंदर आहेत.”

“काडी बोलती, ताई. माणसानं बोलू नये.” एवढं बोलून ते पुढचा तासभर स्वतःच बोलले.

मोठ्या टाकीत त्या काड्यांचा भुगा पडला, पाणी पडलं, तापलं, आणि आम्ही विरजण लावलं. विरजण म्हणजे जंतूच. मागच्या बाजूला एक छोटी टाकी असते, तिच्यात राखीव जंतू सांभाळायचे. तिला आम्ही विरजणाची टाकी म्हणायचो. तिला रोज खायला घालणं माझं काम. सुंदर काड्यांना मॅडम मला हात लावू देत नव्हत्या, त्या समितीसाठी होत्या. छोट्या टाकीला काय घालायचं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि टाकीच्या शेजारीच, हात लांब केला की पोचेल अशा अंतरावर, पहिल्या ट्रॉलीचा केसाळ ढीग पडलेला होता. मी ही दूरदृष्टी होती असं सांगतो. मॅडम आळस म्हणतात. मतभेद असू शकतात.

पहिल्या दिवशी मोठ्या टाकीनं असा वायू दिला की डायरेक्टर साहेबांनी पंख्याचा आकार वाढवला. दुसऱ्या दिवशी वायू निम्मा. त्यानंतर काटा शून्याला जो टेकला तो उठेना. आतलं पाणी काढून पाहिलं तर काळंभोर, मिसळीचा रस्सा जळून तळाला लागल्यावर दिसतो तसं.

मग शेडमध्ये जे सुरू झालं त्याला शोधकार्य म्हणायचं. डायरेक्टर साहेबांनी आधी मला धरलं. मी झाकणं तपासली, नळ्या तपासल्या, तापमान तपासलं. सगळं जागच्या जागी. नवी काडी, नवं पाणी, पुन्हा विरजण, पुन्हा तेच. थोडा वायू, मग काळं पाणी, मग शून्य. कुणीतरी दृष्ट काढायला सांगितलं. मी म्हणालो, काढा, पण मिरच्या बाहेर जाळा, इथं हायड्रोजन आहे. निदान जेव्हा असायचा तेव्हा असायचा.

समितीच्या आदल्या दिवशी मॅडम एका पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. एरवी त्या बसत नसत.

“काका, माझ्याच जंतूत खोट आहे,” त्या म्हणाल्या. “प्रयोगशाळेतल्या गोड पाण्यात तो चालतो. खऱ्या काडीवर तग धरत नाही. मी ते दार बंद करायलाच नको होतं.”

मी म्हणालो, “जंतूला दोष देऊ नका, त्याला वकील नाही.” त्या हसल्या नाहीत.

तेवढ्यात डायरेक्टर साहेब आले, इकडे तिकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाले, “हायड्रोजनचं सिलिंडर बाहेर मिळतं. टाकीच्या मागे ठेवता येईल. नळी तर नळीच दिसते.”

मॅडम बादलीवरून उठल्या. “पंखा फिरला नाही तरी चालेल, सर. पण तो फिरला तर माझ्या जंतूवर फिरेल.”

“आणि नाही फिरला तर?”

“तर तुमचे खोके.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काट्याकडे पाहिलं. काटा शून्याकडे पाहत होता.

समिती आली. अध्यक्ष म्हणजे किडकिडीत, फार न बोलणारे गृहस्थ. महाराष्ट्रात पूर्वी राहिलेले असावेत, मराठी स्वच्छ. रांगोळी ओलांडून आले, गुच्छ घेतला, खुर्चीत बसले. समोर पंखा. पंखा एवढा मोठा की फिरला असता तर अध्यक्ष गुच्छासह चांदवडला पोचले असते. पण तो फिरला नाही. मॅडमनी सरळ सांगून टाकलं की वायू येत होता, थांबला, आणि का थांबला ते त्यांना कळलेलं नाही.

तेवढ्यात रंगनाथअण्णा आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण काड्या त्यांच्या, तेव्हा समारंभ त्यांचाच. कडक टोपी, मिशीला तेल, हातात पेरूंची पिशवी. त्यांनी पेरू अध्यक्षांच्या मांडीवर ठेवले आणि मॅडमना विचारलं, “मग ताई? सापडली का बुरशी?”

“नाही अण्णा.”

“सापडायचीच नाय. तुम्ही म्हणला बुरशी नको, म्हणजे नको. छाटल्यावर बोर्डो मारला. ट्रॉली भरली, म्हटलं ताईंचा माल हाय, वरून पुन्हा एकदा मारला. निथळेपर्यंत.”

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, आकाशी रंगाचं. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ. द्राक्षवाल्यांचा ह्या मिश्रणावर आईवर असावा तेवढा विश्वास असतो. ‘बुरशी नको’ हे शब्द कानावर पडले की ह्या भागातल्या माणसाचा हात आपोआप फवारणीच्या पंपाकडे जातो. त्यात विचार करण्यासारखं काही त्याला वाटतच नाही. आणि जे बुरशीला मारतं ते आमच्या नाजूक जंतूंना काय पेढे वाटणार होतं? मी रोज ती आकाशी झाक बघत होतो आणि काडीचं कौतुक करत होतो. मॅडमही.

मॅडमचा चेहरा मी बघत होतो. आधी पांढरा पडला, मग त्यावर एकेक दिवा लागत गेला.

“तांबं,” त्या म्हणाल्या. “जंतू जरा आंबट सोडतो, त्या आंबटात काडीवरचं तांबं सुटतं. म्हणून पहिला दिवस बरा जातो. मग आपल्या पाण्यातल्या गंधकाला तांबं मिळतं, म्हणून पाणी काळं. काका, जंतूत खोट नाहीये.”

“ते मी कालच सांगितलं होतं,” मी म्हणालो. सांगायची संधी मी सोडत नसतो.

अण्णांना एवढंच कळलं की कुणीतरी मेलंय. “मी मारले?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“कोट्यवधी,” मी म्हणालो.

अध्यक्षांनी पेरू खाली ठेवले. “न मारलेले काही आहेत का?”

मॅडम नाही म्हणायला तोंड उघडत होत्या; राखीव टाकीचा वायू आजवर कुणी मोजलाच नव्हता. मी म्हणालो, “मागे या.”

मागच्या पत्र्याखाली विरजणाची टाकी बुडबुडत होती. तिची नळी मी दोन दिवसांपूर्वीच वायूची वीज करणाऱ्या डबीतून एका छोट्या पंख्याला जोडून ठेवली होती, मोठा पंखा लावण्याआधी जोडणी तपासायला म्हणून. जत्रेतल्या भिंगरीएवढा पंखा, पण असा गरगरत होता की पाती दिसत नव्हती. अध्यक्ष वाकले. त्यांच्या कपाळावरचे चार केस हलले. डायरेक्टर साहेबांचं स्वप्न पुरं झालं: अध्यक्षांना वारा लागला.

“ह्या टाकीला काय घालता?”

“काड्या,” मी म्हणालो.

“कुठल्या?”

मॅडमची नजर तोपर्यंत ढिगावर गेली होती. पांढऱ्या लवेचा ढीग आता मेंढीसारखा दिसत होता. “काका, हे टाकायला सांगितलं होतं ना?”

“टाकलंच की. थोडं थोडं, टाकीत.”

मॅडमनी तिथंच, समितीसमोर, वायू मोजला. पुन्हा मोजला. सुंदर काड्यांनी चांगल्या दिवशीही दिला नव्हता इतका, काडीच्या मानानं, हा केसाळ ढीग देत होता. पावसाळाभर बुरशीनं काडीचा चिवट भाग पोखरून ठेवला होता. आमच्या जंतूंना आयतं सोलून ताटात वाढल्यासारखं झालं होतं. जी बुरशी आपलं खाणं पळवते म्हणून मॅडम ट्रॉल्या माघारी पाठवत होत्या, ती त्यांची स्वयंपाकीण निघाली.

अध्यक्ष म्हणाले, “हेच मोठ्या टाकीत करून दाखवा. पुढच्या भेटीपर्यंत निधी चालू राहील.” मग ते अण्णांकडे वळले. “ह्यासुद्धा तुमच्याच काड्या का?”

अण्णांनी ढिगाकडे पाहिलं. मोठा समजूतदार चेहरा करून म्हणाले, “आपल्या गावच्या वाटत नाय.”

पुढचं सांगण्यासारखं एवढंच की खोक्यांचं यंत्र आलं नाही, आणि मॅडम अजून त्याच शेडमध्ये लोकांना टाकीचं तापमान सांगत असतात. आता त्यांनी काड्या भिजवून गोणपाटाखाली मुद्दाम बुरशी धरायची सोय केली आहे. पण ती सोय होईपर्यंत आम्हाला एक ट्रॉली बुरसटलेल्या काड्या हव्या होत्या, आणि त्या आणायला मला पिटाळलं. चांदवडपासून खाली पार निफाडपर्यंत मी हिंडलो. द्राक्षवाल्याच्या दारात जाऊन ‘तुमच्याकडे बुरशी आहे का’ विचारणं म्हणजे नावाजलेल्या हलवायाकडे शिळे पेढे मागणं. एकानं चहा दिला होता तो परत घेतला. एकानं मला औषध कंपनीचा माणूस समजून आपली सगळी फवारणी तोंडपाठ म्हणून दाखवली. एका म्हातारबाबांनी तर कुत्र्याला नावानं हाक मारली, एवढंच, पण मी समजलो. प्रत्येकाच्या बांधावर लव धरलेला ढीग मला रस्त्यावरून दिसत होता आणि प्रत्येक जण त्या ढिगासमोर आडवा उभा राहून बुरशी नाही म्हणत होता.

मी रिकाम्या हातानं परत आलो आणि मॅडमना म्हणालो, आता तुम्हीच बघा. मॅडमनी अण्णांना फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला, आणि इतक्या गोड आवाजात बोलल्या की मी शेडमध्ये दुसरं कुणी आलंय का ते पाहिलं.

“अण्णा, माझं काम अडलंय. एक ट्रॉली काड्या हव्यात, बोर्डो न मारलेल्या. आणि अण्णा, बुरशी लागलेल्या. जितकी जास्त तितकं चांगलं. पहिल्या ट्रॉलीत होती ना, अगदी तशी.”

पलीकडे ट्रॅक्टर चालू होता. मग तो बंद झाला.

“ताई,” अण्णा म्हणाले, “पहिल्या ट्रॉलीत धूळ होती.”